मेषेचा मंगळ आणि काकड आरती

(द्वितीय वर्ष, कला)

मंगळ प्रत्येकाच्याच पत्रिकेत असतो. बारा घरांपैकी कोठे ना कोठे त्याला बसावेच लागते. तरीही 'मुलीला मंगळ आहे' एवढे तीन शब्द उच्चारले की पाहुणे चहाचा कप खाली ठेवून उठतात, हे मी गेल्या दिवाळीनंतर आमच्याच ओसरीवर पाहिले. स्थळ श्रीरामपूरकडचे होते, आणि चांगले होते असे घरातले अजून म्हणतात. खरे सांगायचे तर मला आधी बी.ए. पुरे करायचे आहे, त्यामुळे पाहुणे उठले तेव्हा मला जरा हायसेच वाटले. पण त्या रात्री आई जेवली नाही. मुलीत काही खोट नाही, शिक्षणात नाही, घराण्यात नाही, आणि लालसर रंगाच्या एका ग्रहामुळे तिला नको म्हणतात, हे तिला सोसवेना. तेव्हा मी ठरवले की ज्या गोष्टीमुळे आई उपाशी झोपते ती गोष्ट निदान नीट समजून तरी घ्यावी. गावातल्या एका वृद्ध जोशीकाकांकडे मी सुटीत रोज तासभर बसले, आणि ग्रंथालयातून जे मिळाले ते वाचले. प्रस्तुत लेख त्यातून झाला आहे. मी ज्योतिषी नाही. जाणकारांनी चुका पदरात घ्याव्यात.

पहिला गोंधळ राशी आणि घर यांचा. माझाही होता. सूर्य आकाशातून वर्षभरात ज्या वाटेने फिरताना दिसतो तिचे तीस-तीस अंशांचे बारा सारखे भाग केले, त्या राशी. मेष, वृषभ, मिथुन वगैरे. सत्तावीस नक्षत्रे या बारांत वाटली की एका राशीला सव्वादोन नक्षत्रे येतात. या राशी ताऱ्यांच्या आकाशात जागच्या जागी राहतात. पत्रिकेतली घरे, म्हणजे भाव, मात्र जन्माच्या क्षणी पूर्वेच्या क्षितिजावर कोणती रास उगवत होती त्यावरून मोजतात. ती उगवती रास म्हणजे लग्न. ते पहिले घर, त्यापुढची रास दुसरे घर, याप्रमाणे बारा. पृथ्वी स्वतःभोवती चोवीस तासांत फिरते, म्हणून बाराही राशी एका दिवसात पूर्वेला उगवून जातात, आणि एक लग्न साधारण दोन तास टिकते. जोशीकाका हे थोडक्यात सांगत: "राशी ही जागा, ग्रह हा माणूस आणि भाव हे काम."

शिर्डीत वाढलेल्या मुलीला यापुढचे कळायला अवघड नाही. आमच्याकडे जागोजागी भक्तनिवास आणि लॉज. प्रत्येक खोलीला मालक असतो आणि राहणारा प्रवासी वेगळाच असतो. राशींचेही तसेच. सिंहेचा मालक सूर्य आणि कर्केचा चंद्र. मग दोन्ही बाजूंनी एकेक रास पुढे सरकायचे. कन्या आणि मिथुन बुधाच्या, तूळ आणि वृषभ शुक्राच्या, वृश्चिक आणि मेष मंगळाच्या, धनू आणि मीन गुरूच्या, आणि सर्वांत शेवटी मकर आणि कुंभ शनीच्या. हे वहीत वर्तुळ काढून मांडले तेव्हा मी थक्क झाले. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हा क्रम म्हणजे सूर्यापासून वाढत जाणाऱ्या अंतराचाच क्रम, आणि सर्वांत मंद शनीची घरे सूर्यचंद्रांच्या घरांच्या बरोबर समोर. ज्याने हे रचले त्याला गणिताची आवड होती यात शंका नाही. राहू-केतूंना या वाटणीत घर नाही. ते मुळात ग्रह नव्हेतच. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जेथे छेदते ते ते दोन बिंदू.

ग्रह आपल्याच राशीत असला तर स्वगृही. काही ठरावीक राशींत त्याचा मान मोठा, तेथे तो उच्चीचा. सूर्य मेषेत, चंद्र वृषभेत, मंगळ मकरेत, बुध कन्येत, गुरू कर्केत, शुक्र मीनेत, शनी तुळेत. त्याच्या बरोबर समोरच्या राशीत तो नीचीचा. शिवाय मित्र आणि शत्रू आहेत. मित्राच्या घरी गेलेला ग्रह खुलतो, शत्रूच्या घरी आखडतो. आणि दृष्टी आहे: प्रत्येक ग्रह स्वतःपासून सातव्या घराकडे पाहतो, मंगळ चौथ्या व आठव्याकडेही, गुरू पाचव्या व नवव्याकडे, शनी तिसऱ्या व दहाव्याकडे. एवढ्या सामग्रीवर सारे फलज्योतिष उभे आहे.

ही मांडणी वेदांतली असे मी समजत होते. ते तसे नाही. लगधाच्या वेदांगज्योतिषात नक्षत्रे आहेत, मेषादी राशी नाहीत. वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहिलेल्या बृहज्जातकात मेषेला 'क्रिय', कन्येला 'पाथोन', तुळेला 'जूक' असेही शब्द आहेत, आणि हे शब्द ग्रीक आहेत. राशींच्या मालकीची हीच वाटणी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीच्या ग्रंथातही सापडते. हा इतिहास मराठीत वाचायचा तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या १८९६ च्या ग्रंथाला पर्याय नाही. ग्रंथ जाडजूड आहे, आणि मी सगळा वाचला असे म्हणणार नाही.

ग्रह आणि राशी यांचा संबंध पुस्तकातच राहतो असे मात्र नाही. आपल्या भागात तो रस्त्यावर दिसतो. गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे बारा वर्षे लागतात, म्हणून तो दर वर्षी साधारण एक रास चालतो. तो सिंहेत शिरला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. २००३ साली भरला, २०१५ साली भरला, पुढचा २०२६-२७ चा. सिंहस्थात लग्ने करू नयेत असेही जुनी माणसे सांगतात. कोपरगावच्या बेटावर गोदाकाठी शुक्राचार्यांचे मंदिर आहे. एरवी शुक्राचा अस्त असला की लग्नाचे मुहूर्त मिळत नाहीत, पण शुक्राच्या या दारात मुहूर्त पाहावा लागत नाही असे तिकडचे लोक मानतात. मालकाच्या घरात मालकाचे नियम शिथिल, असे काहीसे ते असावे. आणि नेवासे तालुक्यातल्या शिंगणापूरच्या शनीबद्दल तर नगर जिल्ह्यातल्या वाचकाला मी काय सांगावे!

शनीचा आणि माझा परिचय जुना आहे. माझी रास धनू. चंद्राच्या मागची, चंद्राची आणि पुढची अशा तीन राशी शनी ओलांडतो ती साडेसाती. एका राशीला अडीच वर्षे, म्हणून साडेसात. मला ती २०१४ च्या नोव्हेंबरात लागली आणि शनी वक्री होऊन मागेपुढे करत राहिल्याने २०२३ च्या जानेवारीत सुटली. चौथीपासून बारावीपर्यंतचे सारे शिक्षण साडेसातीतले. त्या काळात वडील मला शिंगणापूरला नेत. सुरुवातीला मी खालूनच हात जोडी, कारण चौथऱ्यावर बायकांना जाता येत नसे. ती बंदी आंदोलन व न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१६ च्या एप्रिलमध्ये उठली. साडेसाती परीक्षेत नापास करते म्हणतात. माझी दहावी २०२१ ची. त्या वर्षी करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि साऱ्या राज्याबरोबर मी पास झाले. नंतर माझ्या लक्षात आले की बारांपैकी तीन राशींना साडेसाती नेहमीच चालू असते. म्हणजे कोणत्याही दिवशी आपल्यातले चौथाई लोक शनीच्या तावडीत!

मंगळाचा हिशेब याहून व्यापक आहे. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मंगळदोष. बारापैकी पाच घरे. सत्तर जणांच्या वर्गात सरळ हिशेबाने एकोणतीस-तीस जणांना मंगळ निघेल. दक्षिणेत काही जण दुसरे घरही धरतात, मग आकडा पस्तिसावर जातो. मुलांनाही तो तितकाच निघतो. पण मुलाच्या मंगळामुळे मुलीकडचे पाहुणे उठून गेले असे मी तरी पाहिलेले नाही.

आता माझी पत्रिका. जन्म मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, रविवार, ४ डिसेंबर २००५, पहाटे पाच वाजून वीस मिनिटे. लग्न तूळ. मंगळ मेषेत चौदा अंशांवर, म्हणजे तुळेपासून सातव्या घरात. सातवे घर नवऱ्याचे. पाहुण्यांच्या ज्योतिषाने एवढेच पाहिले आणि कागद परत केला. जोशीकाकांनी तोच कागद पाहून वेगळेच सांगितले. मेष ही मंगळाची स्वतःची रास. स्वगृहीच्या मंगळाला दोष नाही असा अपवाद आहे. आपल्याच घरात बसलेला मालक सामान फोडत नाही, असे ते म्हणाले. दुसरे, त्याच पत्रिकेत गुरू तुळेत आहे, तोही चौदा अंशांवर, मंगळाच्या बरोबर समोर. गुरूची पूर्ण दृष्टी, म्हणजे आणखी एक अपवाद. शिवाय चंद्रापासून मोजले तर मंगळ पाचवा, तेथे तर दोषच नाही. आणि स्वगृहीचा मंगळ केंद्रात असला की 'रुचक' नावाचा मोठा योग होतो, अशी माणसे शूर व अधिकारी होतात. मी विचारले, "म्हणजे एकच मंगळ, एकाच घरात, नवऱ्याला वाईट आणि मला चांगला?" काका हसले. पुढे राहात्याच्या एका ज्योतिषांना वडिलांनी विचारले. ते म्हणाले, गुरू पाहतो हे खरे, पण कर्केतला शनीही दहाव्या दृष्टीने त्याच मंगळाकडे पाहतो, आणि मंगळ वक्री आहे. तेव्हा दोष आहेच.

या तिघांपैकी कोणीही खोटे बोलले नाही. तिघांनी शास्त्रातलेच नियम लावले. माझी अडचण तीच आहे. पहिल्या नियमाला अपवाद आहे, अपवादाला उतारा आहे, उताऱ्यालाही आणखी एखादी दृष्टी कोठून तरी येऊन मिळते. कोठे थांबायचे हे मात्र ग्रंथात लिहिलेले नाही. ते विचारणाराच्या मनात असते. ज्याला स्थळ हवे असते तो अपवादाशी थांबतो. ज्याला नको असते तो नियमाशी.

याहून मोठी गोष्ट पुढे निघाली. ते पाच वाजून वीस मिनिटे कोठून आले?

माझा जन्म दवाखान्यातला नाही. शिर्डीबाहेरच्या वस्तीवर, आजीच्या घरी, सुईणीच्या हातून झालेला. घरात घड्याळ नव्हते. आईला एवढेच आठवते की कर्ण्यावरून काकड आरती ऐकू येत होती. आजी म्हणते आरती नुकती लागली होती. सुईणबाई होत्या तोवर सांगत की आरती संपून बराच वेळ झाला होता. काकड आरतीची वेळही सदासर्वकाळ एक राहिलेली नाही. कधी साडेचार, कधी सव्वापाच. आमच्या घरात त्या सालच्या वेळेवरून दोन पक्ष आहेत. पुढे सातवीत असताना कोणी तरी पत्रिका करून दिली, त्यांनी सव्वापाच धरून पाच मिनिटे वाढवली. ती माझी जन्मवेळ.

जोशीकाकांच्या मदतीने मी त्या दिवसाचे लग्न मांडले. सूर्योदय सात वाजायच्या थोडा आधी. सूर्य वृश्चिकेत अठरा अंशांवर. सूर्योदयाला लग्न सूर्याच्याच राशीचे असते, तेथून मागे मोजत गेले की वृश्चिकेचा आरंभ सुमारे साडेपाचला येतो. त्याआधी जन्मले असेन तर लग्न तूळ आणि मंगळ सातवा. त्यानंतर जन्मले असेन तर लग्न वृश्चिक, आणि तोच मेषेचा मंगळ सहावा. सहाव्या घरात मंगळदोष नाहीच. उलट शत्रूंवर मात, परीक्षेत यश, असे फळ सांगतात. आरतीची दोन पदे अलीकडे की पलीकडे, एवढाच फरक.

आणि हा साडेपाचही सर्वमान्य नाही. राशींचा आरंभ आकाशात नेमका कोठे धरायचा यावर महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुना वाद आहे. लोकमान्य टिळकांचा पक्ष रेवती ताऱ्यापासून मोजण्याचा, व्यंकटेश बापूजी केतकरांचा चित्रेवरून. दोघांत सुमारे चार अंशांचे अंतर. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणेसाठी समिती नेमली गेली, आणि सरकारी राष्ट्रीय पंचांग चित्रेच्या पक्षाला धरून निघू लागले. बहुतेक पंचांगे त्याच बाजूची आहेत. टिळक पंचांगात मात्र मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या आसपास न येता १० तारखेला येते. त्या पंचांगाने माझे लग्न मांडले तर वृश्चिक पाव तास आधी, म्हणजे सव्वापाचच्या सुमारास सुरू होते. मग पाच-वीसच्या जन्मवेळेलाही मंगळ सहावाच! टिळकांना मानावे तर मी निर्दोष, केतकरांना मानावे तर सदोष. हे कळले त्या दिवशी मी एकटीच ग्रंथालयात हसले, आणि ग्रंथपालांनी वर पाहिले.

आणखी एक बाब मी भूगोलाच्या सरांकडून तपासून घेतली. २००५ च्या ऑक्टोबरअखेर मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ, सुमारे सात कोटी किलोमीटरवर आला होता आणि रात्रभर तांबडा झळकत होता. पण ४ डिसेंबरच्या पहाटे, तो सातव्या घरात होता की सहाव्या हे ज्या वेळेवर ठरते त्या वेळी, तो पश्चिमेला मावळून गेलेला होता. आकाशात पूर्वेला होता तो गुरू.

येथे कोणी म्हणेल की जन्मवेळ चुकीची हा माझ्या घरचा दोष, शास्त्राचा नव्हे. वेळ बरोबर असती तर? या प्रश्नाचे उत्तर पुण्यात शोधले गेले आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून कुंडल्या मांडल्या, आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाठवून विचारले की यांतले हुशार कोण. एक्कावन्न जणांनी कुंडल्या मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे धाडली. छापा-काटा केला तरी चाळिसात वीस बरोबर यावेत. सर्वांत चांगल्या उत्तरात चोवीस आले, आणि सर्वांची सरासरी विसाच्याही खाली गेली. समोर पाहुणा नाही, त्याचा चेहरा नाही, नुसते ग्रह आणि राशी. असे झाले की मांडणी कितीही सुबक असली तरी ती बोलत नाही.

जोशीकाकांना मी हे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, बुद्धी कुंडलीवरून पाहतच नाहीत, पाहायचा तो काळ. मला ते पटले नाही, पण त्यांच्यासमोर मी वाद घातला नाही. ज्यांनी मला लग्न मांडायला शिकवले त्यांच्याशी तितकी मर्यादा पाळावी असे वाटले.

आईला मात्र पुण्याची चाचणी सांगून उपयोग नव्हता. तिला पटली ती दुसऱ्याच दाभोलकरांची गोष्ट. हेमाडपंतांच्या, म्हणजे गो. र. दाभोलकरांच्या साईसच्चरितात एकोणतिसाव्या अध्यायात मुंबईच्या तेंडुलकरांच्या मुलाची हकीकत आहे. मुलगा वैद्यकीचा विद्यार्थी. ज्योतिषांनी सांगितले की यंदा ग्रह अनुकूल नाहीत, पुढच्या वर्षी बस. त्याने अभ्यास सोडला. त्याची आई शिर्डीला आली तेव्हा बाबांनी सांगितले की कुंडली गुंडाळून ठेव म्हणावे आणि शांत मनाने परीक्षेला बस. तो बसला. लेखी देऊनही धीर न होऊन तोंडीला जाईना, तेव्हा परीक्षकांनीच निरोप पाठवून बोलावले, आणि तो पास झाला. आई दर वर्षी पारायण करते. हा अध्याय तिने किती वेळा वाचला असेल! तरी माझ्या पत्रिकेशी त्याचा संबंध आहे हे तिच्या कधी मनात आले नव्हते. मी दाखवल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ते परीक्षेचं होतं. लग्नाचं कुठं सांगितलंय?"

गेल्या आठवड्यात वैजापूरकडून पुन्हा विचारणा आली आहे, आणि त्यांनी आधी पत्रिका मागितली आहे. वडिलांनी मला विचारले, वेळ कोणती लिहायची? मंदिराच्या रस्त्यावर हारफुले विकणारा हा माणूस. आजवर गिऱ्हाइकाला शिळे फूल ताजे म्हणून दिलेले नाही. खोटी वेळ लिही असे त्यांना म्हणवेना, आणि खरी कोणती ते कोणालाच माहीत नाही. मी दोन कुंडल्या काढून दिल्या. एक पाच-वीसची, एक पाच-चाळीसची. दोन्हीखाली लिहिले, 'जन्म काकड आरतीच्या सुमारास'. वडिलांनी दोन्ही कागद घडी करून दुकानाच्या गल्ल्यात ठेवले आहेत. माझ्या पुढच्या सत्राच्या परीक्षेचे शुल्कही त्याच गल्ल्यातून भरायचे आहे, आणि त्याची तारीख आधीची आहे.